नॉर्बचं मत

"टीमने लव्हलेसला घेतलं ते बरं झालं ना, मिस्टर पावलाक?" मोराने विचारलं, आणि नॉर्बने मान डोलावली. "हो," तो म्हणाला. मोराने वहीत काहीतरी टिपलं, क्षणभर थांबली, आणि मग त्याच आवाजात, चेहऱ्यावरचं तेच हसू ठेवून तिने विचारलं, "लव्हलेसला घेतलं ही घोडचूक झाली, नाही का?" नॉर्बने पुन्हा मान डोलावली. तितक्याच मनापासून. "हो," तो म्हणाला.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर कोट मांडीवर घेऊन बसलेल्या मार्लीनला पहिल्यांदा हसूच आलं. मग ते हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. मोरा नवीन होती, तिसरीच खेप होती तिची. तिच्या आधीची वाचा-उपचारवाली बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. या मोराने आता टेबलावर जाड कागदाचे दोन तुकडे ठेवले. एकावर 'चांगलं' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'वाईट'. लव्हलेसला घेतलं ते कसं झालं, एवढंच विचारलं. नॉर्बने डावा हात उचलला, उजवा गेले चौदा महिने मांडीवर नुसता पडून असे, आणि 'वाईट'वर बोट असं दाबलं की टेबल हललं. मोराने तुकड्यांची अदलाबदल केली. बोट पुन्हा 'वाईट'वर. तिसऱ्यांदा तिने ते वरखाली ठेवले, तेव्हा नॉर्बने तिच्याकडे, ही पोरगी काय चेष्टा करते की काय, अशा नजरेने पाहिलं, 'वाईट' उचललं आणि तिच्या हातातच दिलं. "च्यायला," तो म्हणाला. 'हो' आणि 'च्यायला', एवढे दोनच शब्द मेंदूतल्या त्या रक्ताच्या गुठळीने त्याच्यापाशी ठेवले होते.

मोरा मार्लीनला बाजूला घेऊन समजावत होती. त्यांना प्रश्न कळतो, उत्तरही ठाऊक असतं, फक्त बाहेर पडताना 'हो'च पडतं. आपण मिठासाठी हात घालावा आणि हाताला दरवेळी साखरेचाच डबा लागावा, तसं. मान डोलावण्यावर भरवसा ठेवू नका. आणि मग अगदी सहज, वही मिटता मिटता, तिने विचारलं, "घरी महत्त्वाचं काही हो-नाहीत विचारत नाही ना तुम्ही त्यांना?"

"छे," मार्लीन म्हणाली. "आपलं जेवणखाण, टीव्ही."

हे तिने इतक्या सफाईने सांगितलं की तिचं तिलाच नवल वाटलं. कारण आज चार वाजता घरांची दलाल फर्न डिक्सन घरी येणार होती, घर विकायला काढल्याचे कागद घेऊन. दोघांच्या सह्या लागणार होत्या. नॉर्ब डाव्या हाताने सही करायला शिकला होता. वाकडीतिकडी का होईना, वकिलाला चालत होती. चीक्टोवागातलं एकेचाळीस वर्षांचं घर जाणार होतं आणि उन्हाळ्याच्या आत ती दोघं दूर दक्षिणेत शार्लटला, मुलीच्या, क्रिस्टाच्या शेजारी राहायला जाणार होती. हे सगळं नॉर्बच्या होकाराने ठरलं होतं. जानेवारीत तिने त्याच्या समोर स्टूल ओढून, त्याचे दोन्ही हात हातात घेऊन विचारलं होतं, "क्रिस्टाकडे जायचं का आपण? घर विकायचं का?" तो "हो" म्हणाला होता. तिला रडू फुटलं होतं. दुसऱ्या दिवशी, उगाच घाईत म्हणाला असेल म्हणून, तिने पुन्हा विचारलं होतं, आणि तो पुन्हा "हो" म्हणाला होता. उलटा प्रश्न मात्र तिने विचारला नव्हता. दोन दिवसांत नाही, दोन महिन्यांतही नाही.

गाडीत नॉर्बला बसवताना, त्याचा उजवा पाय उचलून आत ठेवताना, पट्टा लावताना तिचे हात नेहमीचं काम नेहमीसारखं करत होते. बाहेर मार्चमधला चिखल होता, कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग, आणि सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यात धान्याच्या कारखान्याचा तो भाजका गोडसर वास. लहानपणापासून हा वास आला की तिला भूक लागायची. आज लागली नाही. तिला आठवत होतं की हॉस्पिटलमध्ये, अगदी पहिल्या आठवड्यात, एका नर्सने हेच सांगितलं होतं. त्यांच्या हो-नाहीवर विसंबू नका, बाई. आणि मार्लीनने मनातल्या मनात त्या नर्सला उडवून लावलं होतं. तिने तीस वर्षं दातांच्या डॉक्टरकडे काम केलं होतं. तोंडात कापसाचे बोळे, जबडा बधिर, लाळ गळतेय, अशा माणसांचं बोलणं फक्त तिलाच कळायचं. डॉक्टरसुद्धा हातातलं काम थांबवून विचारायचे, मार्लीन, काय म्हणतायत हे? आणि ती सांगायची, त्यांना पुढची वेळ गुरुवारी नको, गुरुवारी त्यांच्या सुनेचं ऑपरेशन आहे. माणूस चकित होऊन मान हलवायचा. मग स्वतःच्या नवऱ्याचं कळणार नाही? ही नर्स कोण लागून गेली? या गोष्टीचा तिला अभिमान होता, आणि चौदा महिने हा अभिमानच तिला धरून होता. नाहीतर ती केव्हाच कोसळली असती.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने हळूच शेजारी पाहिलं. नॉर्ब खिडकीतून बाहेर बघत होता. कुणाच्या तरी ओसरीवर फुटबॉल टीमचा झेंडा वाऱ्याने काठीभोवती गुंडाळला गेला होता आणि तो तिकडे, कुणीतरी सोडवायला हवा, अशा चेहऱ्याने पाहत होता. "झेंडा ना?" ती म्हणाली. "हो," नॉर्ब म्हणाला. आता तो काहीही म्हणाला तरी तिला काही कळणार नव्हतं.

घरी पोचेपर्यंत बारा वाजले. तिने त्याला सूप दिलं, पाव कुस्करून दिला, तोंड पुसलं, आणि तो त्याच्या खुर्चीत डोळे मिटून पडल्यावर ती स्वयंपाकघरात कंप्युटर उघडून बसली. गिनोचं पान उघडलं. गिनो म्हणजे एक म्हातारा पिझ्झावाला. गावच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या चाहत्यांसाठी त्याने वीसेक वर्षांपूर्वी हे पान काढलं होतं आणि रोज सकाळी तो त्यावर एक प्रश्न टाकायचा. खेळ बंद असण्याच्या महिन्यांत प्रश्न दोन असायचे. एक टीमचा, म्हणजे बहुतेक वेळा रिसिव्हरचाच, क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणारा तो गडी कोणता घ्यावा, किती वर्षांसाठी घ्यावा, की कॉलेजातलाच कोवळा उचलावा. आणि दुसरा प्रश्न, सध्या टीव्हीवर कोणती मालिका बघताय. सहा महिने नुसतं रिसिव्हरवर बोललं की माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात, मध्ये मालिका असलेल्या बऱ्या, असं गिनोचं म्हणणं. नॉर्ब पहिल्यापासून त्या पानावरचा. पहिल्या प्रश्नावर तो दोन बोटांनी खडाखडा टाइप करत पानभर लिहायचा आणि दुसऱ्यावर वर्षानुवर्षं एकच ओळ: मी टीव्हीवर फक्त हवामान बघतो.

रिसिव्हरच्या बाबतीत नॉर्बचं मत दगडावरची रेघ होतं. तिशी ओलांडलेला रिसिव्हर घेऊ नये. तो नाव घेऊन येतो, पाय मागे ठेवून येतो. हे त्याने इंजिनांच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सांगितलं होतं, क्रिस्टाच्या लग्नात व्याह्याला सांगितलं होतं, लेंटच्या उपवासातल्या एका शुक्रवारी मासे खाताना फादरना सांगितलं होतं. मार्लीनने ते इतक्यांदा ऐकलं होतं की ऐकणंच सोडून दिलं होतं. आणि गेल्या आठवड्यात टीमने एकतीस वर्षांच्या टायरेल लव्हलेसशी तीन वर्षांचा करार केला, तेव्हा तिने नॉर्बला बातमी वाचून दाखवली, विचारलं, "बरं झालं ना रे?" आणि "हो" ऐकल्यावर त्याच्या नावाने पानावर लिहिलं की अनुभवाला पर्याय नाही, पोरांना सांभाळून घ्यायला घरात एक मोठा माणूस लागतोच. हे वाक्य लिहिल्यावर ती स्वतःवरच खूश झाली होती. तिला एकदाही आठवलं नाही की नॉर्ब असं जन्मात म्हणाला नसता.

आता ती मागे मागे जात वाचू लागली. पहिल्यांदा तिने लिहिलं तेव्हा सरळ कळवलं होतं की नॉर्बला बोलता येत नाही, मी त्याची बायको, तो सांगेल ते लिहीन. लोकांनी किती प्रेमाने उत्तरं दिली होती. मग हळूहळू 'नॉर्ब म्हणतो' गळलं आणि नुसतं 'मला वाटतं' राहिलं. कोणत्या तारखेला, ते तिने शोधलं. ऑगस्टच्या शेवटी. त्यानंतरचा नॉर्ब फार गोड माणूस होता. टीम हरल्यावर तो म्हणायचा, पोरांनी शिकस्त केली. तो प्रशिक्षकाला समजून घ्यायचा. आणि दुसऱ्या प्रश्नावर तर त्याची वाणी फुलायची. नदीवर तीन पिढ्या होडी चालवणाऱ्या कुटुंबाची ती मालिका, जिला इतकी बक्षिसं मिळाली, जिच्यात कुणी वाक्य पुरं करत नाही आणि सगळे पाण्याकडे बघत राहतात, तिच्यावर नॉर्बने तीन परिच्छेद लिहिले होते. आजोबा दोर सोडतात तो प्रसंग बघून मला रडू आलं, असं नॉर्ब पावलाक म्हणत होता. त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं: नॉर्ब, आजारपणाने तुला शहाणं केलं बघ. दुसऱ्याने: जुना नॉर्ब असता तर आत्ता आपल्या सगळ्यांची आई-माई काढली असती. आणि खाली गिनोने स्वतः, एकच ओळ: मला जुन्या नॉर्बची आठवण येते.

हे तिने तेव्हा वाचलं होतं. वाचून म्हणाली होती, आठवण येणारच, आजारी आहे माणूस. आज ती ओळ तिला झोंबली. ते सगळं तीच होती. पाण्याकडे बघत राहणारी माणसं तिला आवडत होती. रोज संध्याकाळी एक भाग संपला की ती विचारायची, आणखी एक बघू या? तो "हो" म्हणायचा आणि ती त्याच्या पायावर पांघरूण सारखं करून पुढचा भाग लावायची; तिला वाटायचं, बघ, आजारपणाने एवढं तरी दिलं, संसारात पहिल्यांदा आम्हाला एकच गोष्ट आवडतेय. एकेचाळीस वर्षं या माणसाने तिच्या आवडीच्या प्रत्येक मालिकेत मध्येच उठून, "यात कुणी काही करतच नाही," असं म्हणून फ्रीज उघडला होता. त्याचा तिला संताप यायचा. आणि मग तो गप्प झाला, आणि ती त्याला हळूहळू घडवत गेली, तिला हवा होता तसा. वाईट मनाने नाही. मोठ्या मायेने. पण घडवत गेली हे खरं. आणि तो तिथेच बसून होता, चौदा महिने, तिने त्याच्या तोंडी घातलेलं सगळं ऐकत, त्या नावाड्यांकडे बघत, आत च्यायला च्यायला करत. तिला त्याची दया आली, मग स्वतःची लाज वाटली, आणि मग कशी कोण जाणे, थोडी चीडही आली. एवढं सगळं अंगावर घेऊन ती उभी होती, आणि आता हेही चुकलंच म्हणायचं का?

दीड वाजला. क्रिस्टाला फोन करावा असं तिच्या मनात आलं. पण क्रिस्टा काय म्हणेल ते ती पाठ म्हणून दाखवू शकली असती: आई, बाबांना काय हवं ते आता महत्त्वाचं नाही, तुझी पाठ गेलीय, पायऱ्यांवरून तुम्ही दोघं एकदमच पडाल. ते खरंही होतं. आणि मग मार्लीनने स्वतःपाशी एक कबुली दिली. तिला जायचं होतं. नॉर्बसाठी नाही, त्याच्या तब्येतीसाठी नाही. तिला स्वतःला जायचं होतं. या ओल्या भिंतींचा, तळघरातल्या वासाचा, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत फावडं घेऊन दारातला बर्फ उपसण्याचा तिला वीट आला होता. नातवंडं चालत येतील अशा अंतरावर, एका मजल्याच्या, नव्या कोऱ्या, काहीही न आठवणाऱ्या घरात तिला राहायचं होतं. आजवर कुणीही विचारलं की ती सांगायची, नॉर्बची इच्छा आहे. फर्नला, क्रिस्टाला, शेजारच्या थेरेसाला, चर्चमध्ये. थेरेसा तर म्हणालीही होती, नॉर्ब आणि शार्लट? कमाल आहे. त्यावर मार्लीनने खांदे उडवले होते. आजारपणात माणसं बदलतात, असं काहीसं म्हणाली होती.

आता नुसतं गप्प बसायचं होतं. अडीच तास. फर्न येईल, नॉर्बच्या हातात पेन देईल, गोड आवाजात विचारेल, तयार आहात ना, मिस्टर पावलाक? तो "हो" म्हणेल. जगात कुणालाही काही कळणार नाही. मोराला वाटेल जेवणखाण आणि टीव्ही. मार्लीन बराच वेळ टेबलाच्या कडेला लागलेला पावाचा चुरा नखाने काढत बसली. तिला वाटलं, आपण इतक्या वाईट आहोत का? आणि लगेच वाटलं, यात वाईट काय, थकले आहे मी. दोन्ही खरं होतं. बाजूच्या खोलीतून नॉर्बच्या श्वासाचा आवाज येत होता. तो जागा होता. झोपेतला त्याचा श्वास वेगळा असतो, एवढं तर तिला नक्की कळत होतं.

तिने ड्रॉवरमधून जुनं कॅलेंडर काढलं, एक पान फाडलं, त्याचे दोन तुकडे केले. एकावर 'राहायचं' लिहिलं, दुसऱ्यावर 'जायचं'. 'जायचं'चं अक्षर जरा सुबक आलं, म्हणून ते फाडून पुन्हा लिहिलं. मग जेवणाची छोटी घडीची मेज नॉर्बसमोर ओढली, स्टूल घेतलं आणि बसली.

"नॉर्ब," ती म्हणाली, "जानेवारीत मी तुला विचारलं होतं. चुकीचं विचारलं. आता मान हलवू नको, हो म्हणू नको. बोट ठेव."

तो तुकड्यांकडे पाहत राहिला. एवढा वेळ की तिला वाटलं त्याला वाचता आलं नाही. मग त्याचा डावा हात उठला. त्याने दोन्ही तुकडे मधून बाजूला केले, एक इकडे, एक तिकडे, आणि ते बोट त्याने तिच्याकडे केलं. ओठ हलले. काहीतरी जमवायला लागला, कपाळावरची शीर उठली, तोंड वाकडं झालं. तिने सवयीने वाक्य पुरं करायला तोंड उघडलं आणि मोठ्या कष्टाने मिटलं. ती थांबली. तीस वर्षांत कुणाच्या तोंडाकडे बघत ती इतकी थांबली नव्हती.

"तू," नॉर्ब म्हणाला. मग पुन्हा, शेवटी सूर वर नेत, "तू?"

चौदा महिन्यांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि तिने कुणाला विचारू दिलं नव्हतं. तिच्या डोळ्यांना धार लागली. 'नॉर्बची इच्छा आहे' हे वाक्य जिभेवर आलं; ते आता या माणसापुढे कसं म्हणणार?

"मला जायचंय," ती म्हणाली. "मला, मला स्वतःला. मी थकले रे. मला हे घर नको झालंय."

नॉर्बने ऐकलं. तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, पूर्वी पगारवाढीची बातमी ऐकताना पाहायचा तसं, बारीक डोळे करून. मान डोलावली नाही. मग त्याने 'राहायचं'चा तुकडा ओढून घेतला आणि त्यावर हाताचा अख्खा तळवा ठेवला.

तिने नियमाप्रमाणे तुकड्यांची अदलाबदल केली. त्याने 'राहायचं' शोधून काढलं. तिने वरखाली ठेवले. त्याने पुन्हा तळवा ठेवला, आणि या वेळी उचललाच नाही.

"अरे, पण पायऱ्या," ती म्हणाली. तळवा तिथेच. "आणि बर्फ कोण काढणार? तू?" तळवा तिथेच. "क्रिस्टाची मुलं तुला ओळखेनाशी होतील, नॉर्ब." यावर तो हलला. खिडकीकडे, मग तिच्याकडे पाहिलं, डोळे भरून आले. पण हात जिथे होता तिथे ठेवला. आणि तिने एकदम आवाज चढवला. किती दिवसांनी चढवला होता. तुला माझी पाठ दिसत नाही, तुला कधीच दिसली नाही, जन्मभर तू असाच हटवादी, एकदा म्हटलं ते म्हटलं, मग रिसिव्हर असो की बायको असो. नॉर्बचा चेहरा लाल झाला. त्याने डाव्या हाताची मूठ मेजेवर आपटली, तुकडे खाली पडले, आणि तो काहीतरी लांबलचक, एकही शब्द न कळणारं, रागाने बोलत सुटला. तिला त्यातलं काही कळलं नाही. ती समोर बसून ते सगळं शेवटपर्यंत ऐकत राहिली.

मग दोघंही दमली. तिने त्याला पाणी दिलं, स्वतःही प्यायली. पुढे काय ते तिला माहीत नव्हतं. पायऱ्या होत्याच, पाठही होतीच, आणि तो हटणार नव्हता, तीही नव्हती. काही दिवस असेच भांडणात जातील असं दिसत होतं. तिने फोन उचलला, फर्नचा नंबर लावला.

"आज येऊ नका," ती म्हणाली. "माझं आणि नवऱ्याचं पटत नाहीये."

फर्न हळहळली, काळजी करू नका म्हणाली, होतं असं घरोघरी. मार्लीनने नॉर्बकडे पाहिलं. तो अजून फुगून बसला होता.

"नाही ना," ती फोनमध्ये म्हणाली, "अजिबात पटत नाहीये."